बडोद्याहून परदेशी शिकायला निघालात आणि गे किंवा बायसेक्शुअल आहात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी दांडिया बाजारात वाढलो, एमएस युनिव्हर्सिटीतून इंजिनीअरिंग केलं, २०१६ ला मास्टर्ससाठी मँचेस्टरला गेलो, तिथेच नोकरी केली आणि सहा वर्षांनी बडोद्याला परत आलो. मी गे आहे, घरी माहीत आहे. तेव्हापासून ओळखीतून ओळख निघत मुलंमुली मेसेज करतात, कोणी आयईएलट्सच्या क्लासमधून बाहेर पडून, कोणी व्हिसा हातात आल्यावर रात्री दीड वाजता. प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून एकदा सगळे नीट लिहून ठेवतोय. सुरुवातीला सोपे आहेत, मग अवघड. सगळं वाचायची गरज नाही, आपला प्रश्न शोधा.

१. मला अजून नीट कळलंच नाहीये मी गे आहे की बाय, मग यातलं मला काही लागू आहे का?

आहे ना. नाव नंतर ठरलं तरी चालतं. शब्दांचा गोंधळ मात्र आत्ताच काढून टाकू. मराठीत गे म्हणजे समलिंगी आणि बाय म्हणजे उभयलैंगिक. बरेच जण बायला उभयलिंगी म्हणतात, पण तो शब्द शरीररचनेचा आहे, शाळेत गांडुळाच्या धड्यात यायचा तोच, तुमच्या ओढीशी त्याचा संबंध नाही. घरी कधी मराठीत बोलायची वेळ आली तर बरोबर शब्द तोंडात असलेला बरा, कारण चुकीच्या शब्दाने आई-बाबा भलताच अर्थ काढतात आणि मग तासभर तेच निस्तरावं लागतं.

२. व्हिसाच्या फॉर्ममध्ये किंवा अ‍ॅडमिशनला हे विचारतात का?

यूके, कॅनडा, अमेरिका, जर्मनीच्या स्टुडंट व्हिसाच्या फॉर्ममध्ये तुम्ही गे आहात का असा प्रश्न नसतो. लग्न झालंय का एवढं विचारतात. यूकेत युनिव्हर्सिटीला अर्ज करताना किंवा नाव नोंदवताना धर्म, वंश, लैंगिक कल यावर एक वेगळं पान येऊ शकतं, ते समानतेच्या आकडेवारीसाठी असतं आणि त्यात ‘सांगायचं नाही’ असा पर्याय असतो, तो निवडला तरी अ‍ॅडमिशनवर काही परिणाम होत नाही. फक्त एक जपा. बडोद्यात बरेचदा फॉर्म आपण भरतच नाही, अलकापुरीतल्या कन्सल्टन्टच्या ऑफिसात बाबांना शेजारी बसवून तिथला माणूस भरतो. तेव्हा अशी पानं नंतर स्वतःच्या लॉगिनमधून भरा आणि पासवर्ड बदलून घ्या.

३. कुठला देश आपल्यासाठी चांगला?

आधी कोर्स आणि खर्च बघा, मग हे बघा, कारण नुसतं स्वातंत्र्य बघून गेलात आणि पुढे नोकरीच मिळाली नाही तर परत यावंच लागतं. कायद्याचं थोडक्यात असं आहे. कॅनडात समलिंगी लग्न २००५ पासून आहे, इंग्लंडमध्ये २०१४ पासून, नॉर्दर्न आयर्लंडमध्ये २०२० पासून, अमेरिकेत सगळीकडे २०१५ पासून, जर्मनी आणि ऑस्ट्रेलियात २०१७ पासून. इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडमध्ये २०१० चा समानता कायदा आहे, त्यामुळे गे किंवा बाय म्हणून कॉलेजने किंवा मालकाने भेदभाव केला तर तक्रार करता येते. जर्मनीत तसाच कायदा २००६ पासून आहे.

पण देशापेक्षा गाव महत्त्वाचं, हे मी पुन्हा पुन्हा सांगतो. टोरांटोत चर्च आणि वेलस्ली रस्त्याभोवतीची वस्ती, बर्लिनचं शोनेबर्ग, सिडनीची ऑक्सफर्ड स्ट्रीट, मँचेस्टरची कॅनाल स्ट्रीट, अशा जागा मोठ्या शहरांत आहेत. दोन तास ट्रेनने लांब असलेल्या छोट्या गावातल्या कॉलेजात पहिला हिवाळा जड जातो. फी सारखीच असेल तर मोठं शहर घ्या.

४. माझं एमबीबीएस रशियात किंवा उझबेकिस्तानात ठरतंय, तिथे काय?

इथे मी स्पष्ट बोलणार आहे. उझबेकिस्तानात पुरुषांमधले समलिंगी संबंध आजही गुन्हा आहेत, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. रशियात ३० नोव्हेंबर २०२३ ला तिथल्या सुप्रीम कोर्टाने ‘आंतरराष्ट्रीय एलजीबीटी चळवळ’ अतिरेकी ठरवली, म्हणजे इंद्रधनुष्याचा झेंडा पोस्ट केला तरी अडचण होऊ शकते. शिवाय तिथे जास्त दिवस राहायला एचआयव्ही नसल्याचं सर्टिफिकेट लागतं. जॉर्जियात २०२४ च्या शेवटी एलजीबीटी लोकांविरुद्ध कडक कायदा लागू झाला. दुबई आणि मलेशियातही हा गुन्हाच आहे. सिंगापूरने हे संबंध गुन्हा ठरवणारं जुनं ३७७अ कलम रद्द केलंय, पण लग्नाला मान्यता नाही.

घरची परिस्थिती आणि नीटचे मार्क बघता दुसरा रस्ताच नसेल तर जा, डॉक्टर व्हा. पण ती सहा वर्षं फोनमध्ये डेटिंग अ‍ॅप ठेवू नका, तिथल्या कोणाला फोटो पाठवू नका, हॉस्टेलमध्ये यावर बोलू नका. हे लिहिताना मला बरं वाटत नाहीये. पण तुमच्यापैकी कोणी पोलीस स्टेशनात बसलेलं ऐकण्यापेक्षा हे लिहिलेलं बरं.

५. तिकडे पोचल्यावर सगळ्यांना सांगावंच लागतं का?

नाही. कोणी विचारत नाही आणि कोणाचं देणं लागत नाही. पहिल्या महिन्यात बँक अकाउंट, सिमकार्ड, घर, क्लास यातच जीव जातो. त्या गडबडीत ज्याला सांगावंसं वाटेल असा एक माणूस मिळाला तरी पुष्कळ झालं. मी पहिल्यांदा सांगितलं ते लॅबमधल्या एका नायजेरियन मुलीला, कारण ती माझ्या ओळखीतल्या कोणालाच ओळखत नव्हती. घरी सांगायचं की नाही हे वेगळं प्रकरण आहे, ते प्रश्न १६ मध्ये.

६. राहायचं कोणाबरोबर? आपल्या गुजराती-मराठी मुलांबरोबर की अनोळखी लोकांबरोबर?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून सविस्तर लिहितो.

आपली मुलं असली की भाकरी मिळते, भाडं वाटून जातं, आजारी पडलं तर कोणीतरी मूग-भाताची खिचडी टाकतं. पण त्याच घरातल्या कोणाची तरी मावशी कारेलीबागेत राहते आणि तिथून तुमच्या आईपर्यंत बातमी पोचायला दोन दिवस लागतात. एका बेसमेंटमध्ये सहा जण, एका खोलीत तिघं, त्यात ‘तुझी गर्लफ्रेंड का नाही रे’ हे रोज, असं वर्ष काढलेली मुलं मला माहीत आहेत. उलट पूर्ण अनोळखी लोकांत गेलेलेही आहेत, त्यांना मोकळीक मिळाली पण डिसेंबरच्या अंधारात चार-चार दिवस मराठीत एक वाक्य बोलायला कोणी नाही, तेही सोपं नाही.

माझा सल्ला असा की पहिलं सेमिस्टर युनिव्हर्सिटीचं हॉस्टेल घ्या, महाग पडलं तरी. खोलीला स्वतःचं कुलूप असतं, करार तुमच्या नावावर असतो, त्रास झाला तर तक्रारीला ऑफिस असतं. तीन-चार महिन्यांत कोण कसं आहे ते कळतं, मग शेअरिंगमध्ये जा. हॉस्टेल परवडतच नसेल तर निदान करारावर तुमचं नाव हवं, फक्त तोंडी ‘ये रे, राहा’ वर जाऊ नका, कारण उद्या कळल्यावर सामान बाहेर काढलं तर हातात कागद नसतो.

डोक्यावरचं छप्पर स्वतःच्या नावावर असण्याचं मोल आपल्या शहराला तरी कळायला हवं. बाबासाहेब आंबेडकरांना १९१३ मध्ये सयाजीराव महाराजांच्या स्कॉलरशिपवर कोलंबिया युनिव्हर्सिटीत पाठवलं होतं, आणि १९१७ मध्ये तेच नोकरीसाठी बडोद्याला आले तर या गावात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी नाव सांगून पारश्यांच्या धर्मशाळेत राहिले, ते कळल्यावर लोक काठ्या घेऊन आले, आणि ते कमाटीबागेत जाऊन बसले. मी आपल्या त्रासाची तुलना त्यांच्याशी करत नाही, जातीचं ते दुःख फार मोठं आहे. पण कमाटीबागेत फिरायला गेलो की मला दर वेळी ते आठवतं. नाव लपवून मिळालेलं घर केव्हाही जाऊ शकतं.

७. रूममेटने चॅट वाचले आणि आता ‘घरी सांगीन’ म्हणून पैसे मागतोय. काय करू?

पैसे देऊ नका. एकदा दिले की पुन्हा मागतो. त्याच्या मेसेजचे स्क्रीनशॉट काढा, तारखेसकट, आणि ते दुसऱ्या ईमेलवर पाठवून ठेवा. मग युनिव्हर्सिटीच्या स्टुडंट सपोर्टकडे जा आणि सरळ ‘मला ब्लॅकमेल करतोय’ असं सांगा. तुम्ही गे आहात हे ज्या देशांत गुन्हाच नाही तिथे ब्लॅकमेल करणं मात्र गुन्हा आहे, आणि स्टुडंट व्हिसावर असलेल्या त्या मुलाला पोलिसात नाव जाणं अजिबात परवडणारं नसतं. त्याच्या आधी घरी कोणाला तरी स्वतः सांगता येईल का तेही बघा, सख्खी बहीण किंवा एखादा मामा, म्हणजे धमकीतला अर्धा जोर जातो. प्रश्न ४ मधल्या देशांत असाल तर मात्र पोलिसांकडे जायच्या आधी भारतातल्या विश्वासाच्या माणसाशी आणि वकिलाशी बोला.

८. बाबांच्या पैशांवर शिकतोय, त्यांना काय काय दिसतं?

तुम्हाला वाटतं त्यापेक्षा जास्त. माझ्या फॉरेक्स कार्डाला बाबांचा मोबाइल नंबर जोडलेला होता आणि हे मला माहीतच नव्हतं. ऑक्टोबरमधल्या एका शुक्रवारी रात्री अकरा चाळीसला कॅनाल स्ट्रीटवरच्या एका पबमध्ये चार पाउंड ऐंशी पेन्सचं कार्ड मारलं आणि इकडे रावपुऱ्यात पहाटे चार दहाला बाबांचा फोन टिंग वाजला, पबच्या नावासकट. दोन मिनिटांत त्यांचा फोन. ‘एवढ्या रात्री कुठे आहेस?’ मी ग्रुप प्रोजेक्टचं सांगितलं. ते ‘बरं’ म्हणाले आणि फोन ठेवला, आणि मी तसाच रस्त्यावर उभा राहिलो, आत परत गेलो नाही.

तेव्हा पोचल्या पोचल्या तिथल्या बँकेत स्वतःचं खातं काढा आणि रोजचा खर्च त्यातून करा. गूगलचं लोकेशन शेअरिंग, फॅमिली ग्रुपमधलं अ‍ॅप स्टोअर, घरच्या लॅपटॉपवर उघडं राहिलेलं व्हॉट्सअ‍ॅप हे निघायच्या आधी तपासा. इन्शुरन्स इथून बाबांच्या ईमेलवर काढलेला असेल तर क्लेमचे कागद त्यांनाच जातात. एज्युकेशन लोनमध्ये वडील सहकर्जदार असतात आणि हप्ते सुरू झाले की बँक त्यांनाही विचारते, म्हणून पार्टटाइमच्या पैशातून थोडी गंगाजळी वेगळी ठेवा. तीन महिन्यांचं भाडं आणि परतीचं तिकीट एवढी रक्कम बाजूला असली की घरच्यांशी बोलताना आवाज कापत नाही.

९. मी दारू पीत नाही, क्लबमध्ये जात नाही, मग आपल्यासारखी माणसं भेटणार कुठे?

जवळजवळ प्रत्येक मोठ्या युनिव्हर्सिटीत एलजीबीटी स्टुडंट सोसायटी असते, आणि त्यांची कॉफीची, बोर्ड गेम्सची, नुसती गप्पांची संध्याकाळ असते. सप्टेंबरच्या पहिल्या दोन आठवड्यांतच जा, कारण नंतर ग्रुप ठरून जातात. टोरांटोत चर्च स्ट्रीटवर ‘द ५१९’ नावाचं कम्युनिटी सेंटर आहे, मँचेस्टरला एलजीबीटी फाउंडेशन आहे. देशी लोकांचं वेगळं हवं असेल तर सॅन फ्रान्सिस्कोकडे १९८६ पासून ‘त्रिकोण’ आहे, व्हँकुव्हरकडे ‘शेर व्हँकुव्हर’.

आणि एकटं जायची लाज वाटली तर दिवसाउजेडी जा. कॅनाल स्ट्रीटला लागून सॅकव्हिल गार्डन्स आहे, तिथे बाकावर अ‍ॅलन ट्युरिंगचा पुतळा बसलेला आहे, हातात सफरचंद. कॉम्प्युटरचा पाया घालणारा माणूस, १९५२ मध्ये गे असण्यावरून त्याला दोषी ठरवलं, १९५४ मध्ये तो गेला, माफी मिळाली २०१३ मध्ये. त्या बाकावर शेजारी जागा रिकामी ठेवलेली आहे. पहिले दोन महिने मी तिथे डब्यातला ठेपला खायचो, कोणाशी बोलायचो नाही, पण येणारी-जाणारी जोडपी बघायचो, हातात हात घेऊन भाजी आणायला निघालेली. ते बघणंसुद्धा कामाला येतं. ६ सप्टेंबर २०१८ ला समलिंगी संबंध गुन्हा नाहीत असा भारतात ३७७ कलमाचा निकाल लागला तेव्हा तिकडे सकाळ होती, आणि मी ऑफिसला जायच्या आधी तिथेच गेलो होतो.

१०. डेटिंग अ‍ॅप वापरू का?

वापरा, पण डोकं ठेवून. ग्राइंडरमध्ये अंतर दाखवणं बंद करता येतं, ते करा. चेहरा आणि उघडं अंग एका फोटोत नको. पहिली भेट कॉफी शॉपमध्ये, आणि एका मित्राला पत्ता सांगून जा. व्हिडिओ कॉलवर कपडे काढायला लावून नंतर इन्स्टाच्या फॉलोअर लिस्टमधल्या नातेवाइकांना पाठवायची धमकी देणारे खूप आहेत, म्हणून अ‍ॅपवरच्या माणसाला खरं इन्स्टा लगेच देऊ नका. फसलातच तर प्रश्न ७ मधलंच करा.

११. प्रोफाइलवर ‘नो इंडियन्स’ लिहिलेलं असतं. हे खरंच एवढं आहे का?

आहे, आणि लागतं. घरी गे म्हणून नको, तिकडे तपकिरी म्हणून नको, असं वाटून मुलं कोसळतात. मीही पहिल्या वर्षी आरशासमोर उभा राहून स्वतःचा रंग बघत बसायचो. त्या लोकांना ब्लॉक करा, उत्तर देत बसू नका. याचा इलाज मला अ‍ॅपवर सापडला नाही, प्रश्न ९ मधल्या देशी गटात सापडला. तिथे पहिल्यांदा कोणीतरी माझं नाव न अडखळता घेतलं.

१२. टेस्ट, औषधं, डॉक्टर... घरी कळेल का? खर्च किती?

डॉक्टर घरी कळवत नाही. इंग्लंडमध्ये सेक्शुअल हेल्थ क्लिनिकमध्ये तपासणी आणि उपचार फुकट आहेत, एचआयव्हीचे उपचारही २०१२ पासून सगळ्यांना फुकट, आणि स्टुडंट व्हिसाबरोबर वर्षाला ७७६ पाउंड हेल्थ सरचार्ज तुम्ही भरलेलाच असतो, तेव्हा संकोच करू नका. पोचल्यावर जीपीकडे, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवून ठेवा. जर्मनीत सरकारी हेल्थ इन्शुरन्समधून २०१९ पासून प्रेप, म्हणजे एचआयव्ही होऊ नये म्हणून आधीपासून घ्यायची गोळी, मिळते. कॅनडा, अमेरिका, ऑस्ट्रेलियात तुमच्या पॉलिसीवर अवलंबून आहे, म्हणून प्रेप धरलंय का ते पॉलिसी घेतानाच वाचा, आणि पॉलिसी स्वतःच्या ईमेलवर घ्या.

पेप म्हणजे धोका झाल्यानंतर घ्यायची गोळी, ती ७२ तासांच्या आत सुरू करावी लागते, जितकी लवकर तितकी चांगली, आणि २८ दिवस घ्यायची असते. शनिवारी रात्री काही झालं तर सोमवारच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका, सरळ हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा. हिपॅटायटिस अ, ब आणि एचपीव्हीच्या लशी घेतल्या नसतील तर त्याही विचारा.

आणि टेस्ट पॉझिटिव्ह आली तर जग संपत नाही. औषधं नीट घेऊन व्हायरस सापडेनासा झाला की तो जोडीदाराला लागत नाही, हे आता सिद्ध झालेलं आहे.

१३. खूप एकटं वाटतं, रात्री झोप नाही. काउन्सेलरकडे गेलो तर युनिव्हर्सिटी आई-बाबांना सांगेल का?

तुम्ही सज्ञान आहात, नाही सांगत. जिवाला धोका वाटला तरच काउन्सेलर पुढे कोणाला कळवतो. एक पळवाट मात्र लक्षात ठेवा. अ‍ॅडमिशनच्या वेळी इमर्जन्सी कॉन्टॅक्ट म्हणून बाबांचं नाव टाकलेलं असतं, आणि तातडीच्या वेळी फोन तिथेच जातो. तिथे एखाद्या मित्राचं किंवा बहिणीचं नाव घालता येतं, लॉगिनमध्ये दोन मिनिटांचं काम आहे. सुट्टीत भारतात असाल आणि असह्य झालं तर टेलिमानसचा १४४१६ नंबर आहे, फुकट, मराठी आणि गुजरातीतही बोलता येतं. मरणाचे विचार येत असतील तर हे वाचणं थांबवा आणि आत्ता कोणाला तरी फोन करा.

१४. मी बाय आहे. गे ग्रुपमध्ये म्हणतात ‘तू अजून घाबरतोयस’, घरी कळलं तर म्हणतील ‘मग मुलीशीच कर ना लग्न’. मी कुठला?

तुम्ही बायच. दोन्हीकडचे लोक तुम्हाला अर्धं समजतात हा त्यांचा गैरसमज आहे, तो दूर करण्याचं ओझं तुमच्यावर नाही. मोठ्या सोसायट्यांमध्ये बाय लोकांचा वेगळा गट असतो, तो शोधा, तिथे हे समजावून सांगावं लागत नाही. घरी सांगताना मात्र बाय मुलांना एक खास अडचण येते. आई-बाबा फक्त ‘मुली पण आवडतात’ एवढंच ऐकतात आणि दुसऱ्या दिवशी पत्रिका काढतात. त्यामुळे अर्धवट सांगू नका. सांगायचं तर नीट, जोडीदार कोण असेल ते मीच ठरवणार या वाक्यासकट सांगा, नाहीतर थांबा.

मुलींचेही मेसेज येतात, त्यांचं अजून अवघड असतं, कारण मैत्रीण म्हणून राहिलं तर कोणाला काही खटकत नाही पण वय तेवीस झालं की स्थळं सुरू. मुलगी म्हणून तो अनुभव मला नाही, त्यामुळे उगाच सल्ला देत नाही. बडोद्यातच ‘विकल्प’ ही बायकांची संस्था अशा मुलींसोबत कित्येक वर्षं काम करतेय. पुरुषांसाठी आपल्याकडे ‘लक्ष्य ट्रस्ट’ आहे, २००० मध्ये राजपिपळ्याच्या मानवेंद्रसिंह गोहिलांनी सुरू केलेला, ज्यांनी २००६ मध्ये जाहीरपणे आपण गे असल्याचं सांगितलं.

१५. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीला, गरब्याला जाऊ की टाळू?

जा! मोदक आणि आरती ही कोणा एकाची नाहीत. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे, आपल्या आधी हजारो लोक तिथे जाऊन आलेत आणि त्यात आपल्यासारखेही असणारच. नवरात्रात गरबा सोडून खोलीत बसलेला बडोदेकर मला बघवत नाही. फक्त तिथल्या काकू पंधरा मिनिटांत तुमचं गोत्र आणि पॅकेज काढून घेतात, त्यासाठी एक वाक्य तयार ठेवा. माझं होतं, ‘काकू, अजून कर्ज फिटायचंय.’ प्रत्येक वेळी चाललं.

१६. घरी कधी सांगू?

मी तारीख सांगू शकत नाही, कधी सांगू नये ते सांगतो. फी त्यांच्यावर अवलंबून असताना नको. परीक्षेच्या आठवड्यात नको. भांडणात रागाने तर नकोच. आणि विमानतळावर निघताना मिठी मारून ‘एक सांगायचं होतं’ असं तर अजिबात नको, ते बिचारे अहमदाबादहून बडोद्यापर्यंत गाडीत गप्प बसून येतात आणि तुम्ही नऊ तास विमानात, कोणालाच काही विचारता येत नाही.

माझं म्हणाल तर नोकरी लागून आठ महिने झाले होते, स्वतःचं भाडं स्वतः भरत होतो, ताईला आधी सांगितलं होतं. तिच्यासमोर आई-बाबांना व्हिडिओ कॉलवर सांगितलं, म्हणजे फोन ठेवल्यावर त्यांच्याजवळ कोणीतरी असावं. काही जण आयुष्यभर सांगत नाहीत आणि तरी सुखाने राहतात, त्यांनाही मी चुकीचं म्हणत नाही.

१७. स्थळं येतायत. एखाद्या मुलीशी लग्न करून तिला तिकडे न्यायचं, घरचेही खूश, असं केलं तर?

नको. बाकी सगळ्यात मी तुमच्या बाजूने आहे, यात नाही. ती मुलगी नोकरी सोडून, आई-बाप सोडून, परक्या देशात डिपेंडंट व्हिसावर तुमच्या भरवशावर येणार आणि रात्री भिंतीकडे तोंड करून झोपणाऱ्या नवऱ्यात आपलंच काय चुकलं ते शोधत बसणार. मी अशा एका बाईला भेटलोय. तिने मला विचारलं होतं, ‘माझ्यात काय कमी होतं?’ त्या वेळी माझ्याकडे उत्तर नव्हतं. बाय असाल, एखादी खरंच आवडली असेल आणि तिला सगळं माहीत असेल तर ते वेगळं, तो तुमचा दोघांचा संसार. अंधारात ठेवून मात्र कोणालाच नेऊ नका.

१८. सुट्टीत घरी आलो आणि पासपोर्टच काढून घेतला तर? ‘डॉक्टरकडे नेऊन बरं करतो’ म्हणाले तर?

हे घडतं, म्हणून लपवत नाही. पासपोर्ट कायद्याने भारत सरकारच्या मालकीचा असतो, आई-बापांनाही तो ठेवून घ्यायचा हक्क नाही. धोका वाटत असेल तर येण्याआधी परतीचं तिकीट स्वतःच्या पैशांनी काढा, पासपोर्ट-व्हिसाचे स्कॅन ईमेलमध्ये ठेवा, इथल्या एका मित्राला आणि तिकडच्या एकाला तारखा सांगा, अमुक दिवशी माझा फोन आला नाही तर अमुक करायचं हे ठरवून ठेवा. कोंडून ठेवलं तर ११२ लावा. सज्ञान माणसाला त्याच्या मनाविरुद्ध डांबता येत नाही, आणि अशी प्रकरणं आली तर मुलाचा कल बदलण्यासाठी काउन्सेलिंगला पाठवू नका असं सुप्रीम कोर्टाने मार्च २०२४ मध्ये हायकोर्टांना सांगितलेलं आहे.

‘बरं करणारा’ डॉक्टर म्हणाल तर बरं करायला हा आजारच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच तो यादीतून काढला, आणि २०२२ मध्ये नॅशनल मेडिकल कमिशनने असले उपचार म्हणजे डॉक्टरी पेशातला गैरवर्तनाचा प्रकार असं ठरवलं. घरच्यांना चांगल्या सायकिअ‍ॅट्रिस्टकडे स्वतःहून घेऊन जा, तोच त्यांना हे समजावेल.

१९. तिकडे पार्टनरशी लग्न केलं तर भारतात चालतं का? त्याला माझ्या व्हिसावर नेता येतं का?

भारतात नाही. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने समलिंगी लग्नाला मान्यता द्यायला नकार दिला. ३७७ गेल्यामुळे एकत्र राहणं गुन्हा नाही आणि २०२४ पासूनच्या भारतीय न्याय संहितेतही ते कलम नाही, पण नवरा-नवऱ्याचं नातं कागदावर धरत नाहीत.

व्हिसाचं देशागणिक वेगळं. अमेरिकेत स्टुडंटचा जोडीदार येऊ शकतो पण कायदेशीर लग्न झालेलं हवं, तेही जिथे ते वैध आहे अशा देशात. कॅनडा १२ महिने सलग एकत्र राहिलेल्या जोडप्यालाही मानतो, त्याचे पुरावे लागतात, भाड्याचा करार, दोघांच्या नावाची बिलं. यूकेत जानेवारी २०२४ पासून साध्या मास्टर्सवाल्यांना कोणालाच डिपेंडंट आणता येत नाही, नवरा-बायकोलाही नाही, पीएचडी आणि रिसर्चवाल्यांना येतो. लग्न केलंत की पुढे प्रत्येक देशाच्या फॉर्मवर ‘विवाहित’ असंच लिहा, एकीकडे हे आणि दुसरीकडे ते असं सापडलं तर व्हिसा जातो.

२०. मी आई आहे. मुलगा कॅनडाला गेला आणि दीड वर्षाने फोनवर हे सांगितलं. तिकडे गेल्यामुळे असं झालं का? आम्ही पाठवायलाच नको होतं का?

काकू, असे मेसेज मला तीन-चार आयांचे आलेत, त्यामुळे तुम्ही एकट्या नाही. नाही हो, तिकडच्या वाऱ्याने हे होत नाही. तो तुमच्या घरात, तुमच्या हातचं खात असतानाही असाच होता, फक्त बोलायची हिंमत नव्हती. मला आठवीत कळलं होतं, दांडिया बाजारातल्या शाळेत, तेव्हा मी बडोद्याबाहेर मुंबईपलीकडे कुठेही गेलो नव्हतो. तुमच्या वाढवण्यात काही चुकलेलं नाही.

आयर्लंडचे पंतप्रधान झालेले लिओ वराडकर तुम्ही ऐकले असतील. वडील मुंबईचे डॉक्टर, मूळ गाव मालवणजवळचं वराड. २०१५ मध्ये मंत्री असताना त्यांनी रेडिओवर सांगितलं की मी गे आहे, दोन वर्षांनी ते देशाचे पंतप्रधान झाले, आणि २०१९ च्या शेवटी वराडला आले तेव्हा गावाने त्यांचं स्वागतच केलं.

माझी आई पहिले पाच महिने फोनवर फक्त हवामान विचारायची. ‘थंडी आहे का? स्वेटर घातलास का?’ आणि फोन बाबांकडे. मग एका रविवारी मध्येच म्हणाली, ‘तो जो मुलगा आहे, त्याला लसूण चालतो का? मी चटणी पाठवणार होते.’ मी हो म्हणालो. त्यावर ती काही बोलली नाही आणि डब्याचं वजन किती चालतं ते विचारायला लागली.

तुम्हाला लगेच सगळं पटायला हवं असं नाही. रडा, रागवा, वेळ घ्या. एवढंच करा की त्याचा रविवारचा फोन चुकवू नका आणि ‘कोणाला सांगू नकोस’ हे पहिलं वाक्य बोलू नका. नातेवाइकांचं काय करायचं ते नंतर दोघं मिळून ठरवा. आणि दुसऱ्या आई-बापांशी बोलावंसं वाटलं तर ‘स्वीकार’ म्हणून २०१७ पासून आपल्याच देशातल्या पालकांचा गट आहे, सगळे तुमच्यासारखाच फोन आलेले. काकांना बरोबर घेतलंत तर उत्तम, ते नाही म्हणाले तर तुम्ही एकट्या आधी बोला.